मोरिता-सानांची सायकल आणि माझ्यावरील आरोप

“आमच्या बाबांनी खंडेनवमीला मोरिता-सानांच्या सायकलीवर नारळ फोडला!” हा वृत्तान्त माझी सूनबाई मंजिरी टोकियोतल्या प्रत्येक मराठी घरी सांगत आली आहे, आणि तोही समोरच्याच्या तोंडात नेमका घास असताना. हा वृत्तान्त साफ खोटा आहे.

त्या काळी माझा मुलगा निखिल आयटीच्या नोकरीनिमित्त टोकियोच्या ओजिमा भागात राहत होता आणि मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे अशा तिहेरी शर्यतीचे, म्हणजे ट्रायथलॉनचे, खूळ त्याच्या डोक्यात शिरले होते. शर्यत रविवारी होती. आपली जड सायकल बदलून हलकी घ्यावी की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हते. म्हणून ऑफिसातल्या मोरिता-सानांनी त्याला स्वतःची कार्बनची सायकल एका दिवसापुरती वापरून पाहण्यास दिली.

“सायकल कशाला? स्वतः हलका हो! दोन पराठे कमी खा!” असे माझे ठाम मत होते. मग मी ती सायकल दोन बोटांनी उचलली आणि माझे मत जागच्या जागी बदलले. (मंजिरी या गुणाला दुसरेच नाव देते.)

“घ्यायचीच!” मी गरजलो.

“बाबा, अजून ठरलं नाहीये.”

“मी ठरवले! आज खंडेनवमी आहे. हिची पूजा झालीच पाहिजे!”

“अहो बाबा, ती आपली नाहीये! उद्या परत द्यायचीय!” मंजिरी कळवळली.

“होणार आहे ना आपली? मग पूजेसाठी वर्षभर थांबायचे?”

मी हँडलला हळदकुंकू वाहिले.

“बाबा, तो पांढरा टेप आहे!” निखिल ओरडला.

“होता,” मी शांतपणे दुरुस्ती केली.

राहिला नारळ. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई आमच्या मिक्सरच्या आवाजाबद्दल एकदा वर येऊन गेल्या होत्या. तेव्हा घरात नारळ आपटणे मला प्रशस्त वाटले नाही. (मी इतका विचारी माणूस आहे!) सायकल आणि नारळ घेऊन आम्ही इमारतीच्या अंगणात उतरलो. सायकल भिंतीला टेकवून मी नारळ पायरीच्या दगडी कडेवर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा! गॅलऱ्यांत माणसे जमली. आता प्रश्न साऱ्या महाराष्ट्राच्या अब्रूचा होता!

चौथ्यांदा मी दोन्ही हातांनी, सर्व शक्तीनिशी प्रहार केला. ओला नारळ हातातून निसटला, कडेवरून उसळला आणि थेट सायकलीच्या मधल्या दांड्यावर आदळला. कट्ट!

“आबुनाई!” नात इरा जपानीत किंचाळली. सावध राहा, असा त्याचा अर्थ आहे, हे मला नंतर कळले.

संध्याकाळी मोरिता-सान आले. त्यांनी तडकलेल्या दांड्याकडे पाहिले आणि माझ्यापुढे कमरेत वाकले. निखिलने भाषांतर केले, “म्हणतायत, माझी सायकल तुमच्या पूजेच्या मध्ये आली, माफ करा.”

आयुष्यभर मी कोणाशीही भांडू शकलो. पण या माणसाशी भांडावे तरी कसे?

हलकी सायकल घेण्याचा निर्णय मात्र तिथल्या तिथे झाला. निखिलने ती दुसऱ्याच दिवशी घेतली आणि मोरिता-सानांना दिली. रविवारी शर्यतीत तिच्यावरून मोरिता-सान आमच्या निखिलला मान लववून पुढे निघून गेले. निखिल जुन्या सायकलीवर होता.

हे सारे मला मान्य आहे. परंतु मी सायकलीवर नारळ फोडला, हा आरोप मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. तो नारळ मी स्वतः उचलून चहूबाजूंनी तपासला होता. तो फुटलाच नव्हता!