कानजीभाईंचा जबाब

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत आमच्या घोडपदेवच्या चाळीत नुकतीच घरोघरी बौद्ध धम्माची दीक्षा झाली होती आणि अंगारे-धुपारे आईने स्वतःच्या हाताने घराबाहेर काढले होते. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा... पण ऐका.

मी मालवाहू जहाजावर खलाशी होतो. डेकवर आम्ही मराठी आणि सौराष्ट्रातले दर्यावर्दी खारवे, इंजिनात पूर्व बंगालातल्या सिल्हेटचे, भटारखान्यात गोव्याचे, वर साहेब गोरे. कुणाची भाषा कुणाला धड येत नसे. म्हणून डेकवर रिवाज होता – हुकूम ऐकला की तोच मोठ्याने परत म्हणायचा. जहाजाच्या पोटातून मी ‘हाबेस’, म्हणजे ‘उचल’, अशी हाक द्यायचो. वर विंच, म्हणजे बोजा उचलायचं यंत्र, चालवणारे खारवी कानजीभाई ‘हाबेस’ असा जबाब द्यायचे, मी मागे सरायचो आणि मगच बोजा हलायचा. शहरात मराठी-गुजराती डोकी फुटत होती, पण आमचं हे कधी चुकलं नाही.

मग जहाज मुंबईच्या गोदीत असताना कानजीभाईंना अर्धांगाचा झटका आला. घर माझगावात, हाकेच्या अंतरावर. भेटायला निघालो तर त्यांच्या मेहुण्याचा निरोप आला – दिवस बरे नाहीत, जरा निवळलं की या. मलाही ते पटलं. का पटलं कुणास ठाऊक!

त्यांच्या जागी इंजिनातला एक सिल्हेटी आला. त्याला डेकचा रिवाज कुणी सांगितलाच नव्हता. भर दुपारी मी ‘हाबेस’ म्हटलं. जबाब आलाच नाही, पण बोजा वर निघाला. मी गोंधळून वर बघत तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात पाठीमागून, अगदी जवळून, कानजीभाईंचा आवाज आला – “हाबेस.”

सवयीने पाय मागे गेले. दोर सुटला, आणि मी होतो तिथेच बोजा आदळला. मागे वळून पाहिलं तर नुसती पोत्यांची थप्पी. वरच्या सिल्हेट्याला विचारलं, तर तो म्हणाला, “हम कुछ बोला ही नहीं, भाई.”

काम टाकून तसाच माझगावला गेलो. कानजीभाई दुपारीच गेले होते. त्यांच्या पत्नी, जीवीभाभी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला राहवलं नाही, आवाज ऐकल्याचं सांगून टाकलं. त्या सरळ होऊन बसल्या.

“त्यांची वाचा तर पहिल्याच दिवशी गेली, भाई. मी रोज उशाशी बसून म्हणायची, एक वार माझं नाव घ्या. नाय घेतलं. तुम्हाला काय बोलले?”

मी सांगितलं. माल उचलायचा हुकूम, म्हटलं.

“एवढंच?”

“एवढंच, भाभी.”

त्यांनी तोंडावर पदर घेतला. मी वाचलो, बायको-पोरांत म्हातारा झालो, याचं वाईट कसं वाटेल? पण त्या बाईच्या वाट्याचा शब्द मी घेऊन आलो, असं आजही वाटतं. तो आवाज कुठून आला, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.