तीन युनिव्हर्सिट्या आणि माझा कान

शनिवारी दुपारी, शहाद्यात, माझ्या दुकानाच्या काउंटरवर लेकीची पुढची चार वर्षं एका ओटीपीवर येऊन थांबली होती… आणि मी तो चुकीच्या जागी टाकणार होतो.

आधी थोडं मागचं. माझं पंपसेट आणि मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दहावीनंतर दुसऱ्याच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळत शिकलो, मग स्वतःचं शटर उघडलं. शिक्षण तेवढंच, पण कान तयार झाला… ब्राह्मणपुरीहून शेतकऱ्याचा फोन येतो, "भाऊ, मोटर आवाज करी ऱ्हायनी." मी म्हणतो, फोन मोटरजवळ धर. बेअरिंग गेलं की वाइंडिंग, ते इथे बसून सांगतो.

लेक दीपाली यंदा बारावी झाली. तिला फूड टेक्नॉलॉजी करायचंय. तीन प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांत नंबर लागला… पुणे, इंदूर आणि बडोदा. तिन्हीकडून रोज फोन, "सर, सीट्स लिमिटेड आहेत." सीट्स लिमिटेड, फोन मात्र अनलिमिटेड!

म्हटलं, बघूनच येऊ. लेकीला गाडीत घातलं आणि आठवड्याभरात तिन्ही शहरं केली.

माझी तपासायची पद्धत वेगळी. चकचकीत माहितीपत्रक मी उघडत नाही. गेटवरच्या वॉचमनला विचारतो, किती वर्षं झाली इथे? वॉचमन टिकला म्हणजे पगार वेळेवर होतो. मग मागच्या बाजूला जातो, पंप आणि जनरेटर असतात तिकडे. रिकामी मोटर कोणाचीही गोड चालते… पाणी खेचायला लागली की खरं कळतं.

बायको निघतानाच म्हणाली होती, "कॉलेज देखाले जाई ऱ्हायनात का मोटर लेवाले?" आमच्या घरात अहिराणीच चालते. मराठी आमची शाळेत आणि ऑफिसात.

इंदूरचा वॉचमन दीड महिन्यापूर्वीच लागलेला, आणि हॉस्टेल कॉलेजपासून तासभर लांब. बाद. बडोद्याची इमारत जुनी, आणि हॉस्टेलची पाण्याची मोटर अशी किंचाळत होती की मला तिथे उभं राहवेना… बेअरिंग साफ गेलेलं. ज्यांना मोटर सांभाळता येत नाही ते पोरी काय सांभाळणार? मी पंपाजवळ हे सगळं ऐकत होतो, तेवढ्या वेळात दीपाली लॅब बघून आली.

पुण्याचा वॉचमन नऊ वर्षं जुना. आम्ही असतानाच लाइट गेली, आणि जनरेटरने सगळा लोड न अडखळता उचलला. काय आवाज होता… मी तिथेच ठरवून टाकलं.

घरी येऊन लेकीला विचारलं, पुणं चालेल ना? म्हणाली, "हो पप्पा, पुण्याचं चांगलं आहे. प्लेसमेंटही चांगली आहे." झालं. शनिवारी सीट कन्फर्म करायची शेवटची तारीख. ओटीपी माझ्या मोबाइलवर येणार म्हणून ती लॅपटॉप घेऊन दुकानातच आली.

फॉर्म भरला. ओटीपी आला. मी चष्मा शोधतोय, तेवढ्यात दीपालीच्या मोबाइलवर अक्कलकुव्याहून तिच्या फुईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा फोन आला. लेक मोटरींच्या खोक्यांमागे जाऊन बोलायला लागली.

"फुई, बडोदानी लॅब देखाले पाहिजे व्हती तू! तठे पोरी सोता मशीन चालाडतस… पपई सुकाडतस, कँडी बनाडतस. माले बी हात लावू दिन्हा!" आवाज असा, जसा नवीन मोटरला पहिल्यांदा पाणी लागतं. मग एकदम हळू… "पन पप्पाले पुणं आवडनं ना. जाऊ दे."

माझा चष्मा हातातच राहिला.

हजार मोटरी ऐकल्या असतील मी. पण आठ दिवस ही पोरगी कॉलेजबद्दल माझ्याशी मराठीत बोलत होती, तहसील कार्यालयात बोलावं तशी… 'चांगलं आहे', 'चालेल', 'हो पप्पा'… आणि माझ्या कानाला ते खटकलंच नाही.

फोन ठेवून आली तेव्हा विचारलं, "दिपू, खरं सांग. तुले कोठे जानं शे?"

म्हणाली, "बडोदं."

"मंग इतला दिन बोलनी का नही व माय?"

"तुमनं ध्यान त्या जनरेटरमा व्हतं ना!"

ओटीपीची वेळ कधीच संपून गेली होती. पुन्हा मागवला नाही.

तरी खात्री करायची सवय जात नाही. बडोद्याच्या हॉस्टेलच्या मॅडमना फोन लावला, मोटरचं विचारलं. बिचाऱ्या म्हणाल्या, "भाई, आठ दिवसांपासून मिस्त्री 'उद्या येतो' म्हणतोय. पोरींचं पाणी अडू नये म्हणून तशीच चालवतोय."

मी गपचूप फोन ठेवला. हे 'उद्या येतो' मी स्वतः किती जणांना सांगितलंय, त्याचा विचार करत बसलो… त्या मिस्त्रीच्या आळसापायी मी लेकीचं कॉलेज बाद करत होतो!

संध्याकाळच्या आत बडोद्याची सीट कन्फर्म केली. ओटीपी या वेळी तिनेच टाकला.

अक्कलकुव्याच्या बहिणीचे मनापासून आभार. तिचा फोन पाच मिनिटं उशिरा आला असता, तर पोरगी चार वर्षं मला 'चांगलं आहे पप्पा' म्हणत राहिली असती… आणि मी खूश राहिलो असतो.

आता पुढच्या महिन्यात सोडायला जायचंय. सामानात एक बेअरिंग आणि जुनं बेअरिंग ओढून काढायचा पुलर टाकून ठेवलाय. आणि तिथून तिचा फोन आला की आधी एवढंच ऐकायचं… पोरगी अहिराणीत बोलतेय की मराठीत.