नानकटाईच्या वासाचा धूर

ती घटना अजून डोक्यातून जात नाही. पोलीस खात्यातून निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. आता कशाचा धक्का बसायचा नाही, असं मला वाटायचं.

खबर दिली ती धडगावच्या एका जीपवाल्याने. कॉलेजची पोरं पेनासारखं काहीतरी ओढतात आणि गाडीभर नानकटाईचा वास सुटतो, अशी त्याची तक्रार होती. वेप, म्हणजे बॅटरीवर तापलेली स्वादाची वाफ ओढायचं ते पेन, विकायला बंदी आहे, त्यात निकोटिन असो वा नसो. माल गुजरातेतून सीमेजवळच्या खापर गावामार्गे येत असणार, असं मी धरून चाललो. पण बनावट ग्राहक पाठवला, तर तो पोहोचला म्हसावदकडच्या एका बेकरीत.

पंच घेऊन छापा घातला. रिकामी पेनं बाहेरून आणलेली, भरणं मात्र बेकरीतच चालायचं. आणि भरायचे काय, तर बिस्किटात घालतात तो लोण्याच्या वासाचा इसेन्स! मालक पन्नाशीचा, सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. मी आवाज चढवला. त्याने शांतपणे पाण्यात त्या इसेन्सचे थेंब टाकले आणि आम्हा सगळ्यांसमोर पेला रिकामा केला.

“साहेब, यानावर हिरवा ठिपका शे,” तो बाटलीवरची शाकाहाराची खूण दाखवत म्हणाला. “मन्हा पोरे बी हाईच खातस.”

मी थक्क झालो. जे खाता येतं ते ओढताही येतं, यावर त्या माणसाचा खरोखर विश्वास होता. हे डोक्यात आलं कसं, असं विचारलं. बेकरीत पीठ मळणाऱ्या धाकट्या भावाची बिडी सुटावी म्हणून पहिलं पेन त्याच्यासाठी भरलं, नंतर गिऱ्हाइकं मागू लागली, असं त्याने सांगितलं. भाऊ कुठे आहे? घरीच, त्याला हल्ली दम लागतो.

घर बेकरीच्या मागेच होतं. ऐन तिशीतला तो गडी खाटेवर पुढे वाकून बसला होता. एक वाक्य बोलताना दोनदा थांबत होता, आणि हातात तेच पेन होतं. पंचनामा हवालदारावर सोपवून मी त्याला आमच्याच गाडीतून नंदुरबारला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की स्वाद पोटात पचतो, फुफ्फुसाला पचवणं ठाऊक नाही. लोण्याच्या वासाचं एक रसायन कारखान्यात श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आखडल्याचं आढळलं आहे. वेपमधून मात्र ते किती जातं आणि किती नुकसान करतं, याचा पुरावा अजून अपुरा आहे. शिवाय या रुग्णाने वर्षानुवर्षं बिडी ओढलेली. नेमकं बोट कशावर ठेवणार?

प्रयोगशाळेचा अहवाल आला, निकोटिन नाही, खाद्य स्वाद. बेकरीवाल्याचा चेहरा क्षणभर उजळला. आम्ही बंदी मोडल्याचं दोषारोपपत्र दाखल केलं. भावाच्या छातीचा त्यात उल्लेख नव्हता, कारण तेवढं सिद्ध होत नव्हतं.

संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा, हे मी जन्मभर पाळलं. तो बाटलीतल्या रसायनाला द्यायचा नसतो, हे या प्रकरणाने शिकवलं. सिद्ध झालं नाही म्हणजे निर्धोक आहे, असं होत नाही.

भाऊ जगला, पण पीठ मळायला पुन्हा उभा राहू शकला नाही. कोर्टाच्या तारखेला बेकरीवाला माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “साहेब, खरं सांगा. हाई मन्हामुये व्हयनं का?”

हो म्हणायला माझ्याजवळ पुरावा नव्हता. नाही म्हणायलाही नव्हता.