रेडिओवरच्या ताई

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहायचो, तेव्हा रेडिओवर मुलांशी बोलणाऱ्या एक ताई मला फार आवडायच्या. परवा त्याच ताई लातुरात माझ्या मेसमध्ये जेवायला आल्या. नातीला शिकवणीला घालायला आल्या होत्या. "वरण वाढा जरा," एवढ्यावर मी आवाज ओळखला आणि स्वयंपाकघरात पळाले. चौथी शिकलेल्या बाईनं त्यांच्याशी बोलायचं तरी काय?

मग दाराआडून ऐकत बसले. त्या नातीला सांगत होत्या, "प्रश्न विचारला की मी थोडं थांबायचे, मुलांना उत्तर देता यावं म्हणून. आधी असं कुणी करत नव्हतं. साहेब चिडायचे. लोकांना रेडिओ बंद पडला असं वाटतं म्हणायचे. मुलं खरंच उत्तर देत होती का, ते मात्र कधी कळलं नाही."

"आजी, रेडिओला कोण येडं उत्तर देतंय?"

ते येडं भाताचं पातेलं घेऊन बाहेर आलं.

"ताई, मी देत होते," मी म्हणाले. "पण बहुतेक चुकायचं."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "चुकू दे गं. मोठ्यानं द्यायचीस?"

"हाव. शेजारच्या शेडातून ओरडायचे, गप बस म्हणून."

"ऐकलंस?" त्या नातीला म्हणाल्या आणि भातासाठी ताट पुढं केलं.