छापा ह्यांचा, काटा त्याचा

आमच्या ह्यांना कामावर सगळे ‘बघू’ म्हणतात. चहा घेणार की कॉफी, असं विचारलं तरी ह्यांचं उत्तर ‘बघू’. आमच्या लग्नालासुद्धा ह्यांनी होकार दिला नव्हता, सासूबाईंनी परस्पर कळवून टाकलं. हात मात्र पक्का. लिफ्ट दुरुस्त करतात, नुसता आवाज ऐकून कुठला भाग झिजलाय ते सांगतात. मनाचं म्हणाल तर कायम तळ्यात-मळ्यात.

माझा धाकटा भाऊ ह्यांच्याच हाताखाली कामाला लागला तेव्हा मला हायसं वाटलं. दोघं जोडीनं जायचे. लिफ्टच्या कामात एकाला तळाच्या खड्ड्यात उतरावं लागतं. खाली तेल, साचलेलं पाणी, उंदीर, आणि डोक्यावर ती लोखंडी खोली टांगलेली. कुणालाच उतरायला नको असे. एक माझा नवरा, एक माझा भाऊ. रोज कोण उतरणार यावरून वाद, आणि त्यावर ह्यांचं ‘बघू’. कंटाळून भावानं ह्यांच्या फोनमध्ये नाणं उडवायचं ॲप टाकून दिलं. बोट लावलं की नाणं गरगर फिरतं आणि पडतं. छापा ह्यांचा, काटा त्याचा. ज्याची बाजू पडेल तो खाली.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. ह्यांनी मग सगळंच नाण्यावर सोपवलं. भाजी कुठली आणायची, पंखा आज पुसायचा की उद्या, सगळं. मी वैतागून म्हटलं, मला ठेवायचं की माहेरी धाडायचं तेही विचारून घ्या, तर खरंच बोट पुढे केलं.

आमच्या मुलीला शाळेत तेव्हाच संभाव्यता शिकवत होते. त्या दिवसांत काटा लागोपाठ पडत होता आणि भाऊ सारखा खड्ड्यात जात होता. जेवताना तो म्हणाला, आता छापा पडायलाच हवा, नाण्यालाही काही लाज असेल की नाही. मुलगी हसली.

“मामा, नाण्याला आठवण नसते. मागे काय पडलं ते त्याला ठाऊकच नाही. दर वेळी नव्यानं अर्धं-अर्धं.”

ह्यांना ते ‘अर्धं-अर्धं’ फार आवडलं. म्हणजे कुणावर अन्याय नाही, म्हणाले. मुलीनं सांगून पाहिलं की नाण्याला फक्त स्वतःच्या दोन बाजू कळतात, बाकी जगातलं काही कळत नाही. पण ऐकतो कोण.

ह्या कामाचा एक नियम आहे. खड्ड्यात उतरणाऱ्यानं आधी स्वतः वरच्या मशिनरूममध्ये जायचं, मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. दुसऱ्याच्या भरवशावर उतरायचं नाही. दोघांनी तो इतकी वर्षं पाळला. पण विचारायची सवय लागली की माणूस न विचारायचंही विचारतो.

त्या दिवशी एका उंच इमारतीतलं काम संपत आलं होतं. दुरुस्तीची पाटी काढली होती. तपासणीसाठी दाराची तार मात्र जोडलेलीच होती, म्हणजे दार उघडं असलं तरी लिफ्ट चालणार. आवरताना पाना हातातून निसटून खड्ड्यात पडला. एका पान्यासाठी एवढे जिने चढायचे, स्विच बंद करायचा, परत खाली यायचं. भाऊ म्हणाला, भाऊजी, जाऊ द्या, दोन मिनिटांचं काम. हे म्हणाले, ‘बघू’, आणि फोन काढला. छापा पडला तर वर जाऊन स्विच बंद करायचा, काटा पडला तर तसंच उतरायचं. काटा पडला. मग कोण उतरणार म्हणून पुन्हा नाणं उडवलं. पुन्हा काटा. भाऊ हसत उतरला म्हणे.

वर कुणीतरी लिफ्टमध्ये शिरलं आणि तळमजल्याचं बटण दाबलं. त्या माणसाचा काय दोष? भाऊ पाना घेऊन वर चढत होता. ह्यांनी त्याचा हात धरून ओढला, पण लिफ्ट आधी पोचली.

माझ्या आईनं ह्यांना समोर बसवून विचारलं, “जावईबापू, नाणं कुणाच्या फोनात होतं?”

“माझ्या.”

“मग तुमची बाजू कशी नाही पडली?”

तेव्हापासून हे खिडकीत बसून नाणं उडवत राहिले. आईला दाखवायचं होतं की नाणं खोटं नाही, अर्धं-अर्धंच पडतं. मुलीला म्हणाले, तू मोजत जा. ती मोजायला बसली नाही. म्हणाली, “बाबा, नाणं खरंच आहे. पण स्विचचं त्याला विचारायचंच नव्हतं.” मला इतका संताप आला होता की मी फोन हिसकावून घेतला आणि ते ॲप काढून टाकलं. ह्यांनी अडवलं नाही.

आईला ह्यांचा राग आहे, ह्यांना स्वतःचा. दोघंही माझ्याकडे बघतात, मी कुणाच्या बाजूनं आहे म्हणून. ह्यांचा चेहरा पाहिला की मला भाऊ हवा असतो, आणि ते दिसेनासे झाले की जीव घाबरा होतो. एकदा भांडी विसळताना मी मुलीला विचारलं, की नाणं कसंही पडलं असतं तरी खाली माझंच माणूस असण्याची संभाव्यता किती गं?

तिनं हातातली ताटली पुसून मांडणीत ठेवली.

“एक, आई,” ती म्हणाली. “एक म्हणजे नक्की.”