चालत्या गाडीतले दूरध्वनीमंत्री

कर्जतहून खालापूरजवळच्या आमच्या शाळेत आम्ही पाच शिक्षिका आणि चित्रकलेचे सर रोज एकाच व्हॅनने जात असू. व्हॅनचा मालक वेगळा होता. चालक मात्र माझाच जुना विद्यार्थी. चौथीत मी त्याला पहिल्या बाकावर बसवत असे. हुशार म्हणून नव्हे, मागे बसला की बोलत राहतो म्हणून. पंचवीस वर्षांत त्यात काही फरक पडला नव्हता. आता त्याच्या हाती फोन आला होता, एवढेच.

त्याच्या फोनमागे सबळ कारण होते, हे मी मान्य करते. मोहोपाड्याकडच्या एका कंपनीला कामगारांच्या बसवर कायमचा चालक हवा होता. याने अर्ज केला, गाडी चालवून दाखवली, आणि “फोन करू” असे सांगून त्यांनी याला घरी पाठवले. इकडे व्हॅनचा मालक गाडी विकण्याच्या गोष्टी करत होता. घरी आई, बायको, दोन मुले. हा एक फोन हुकला तर नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार, ही धास्ती त्याच्या मनात बसली होती. म्हणून फोन वाजला की तो उचलायचाच. कर्जतमध्ये जन्मलेल्या या माणसाला कर्जतमध्ये फार्महाऊस घेण्याचा आग्रह करणाऱ्या मुलीचाही.

एके सकाळी चौक गावाच्या रस्त्यावर, नेमक्या वळणावर, त्याने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला, एक हात गिअरवर ठेवला आणि दुसऱ्याने समोरून येणाऱ्या ओळखीच्या दुचाकीवाल्याला हात केला. मी गणित घातले.

“तुला हात किती?”

“दोन, बाई.”

“एक गिअरवर, एक हवेत. मग स्टिअरिंग कोणाकडे?”

मुलगा मुळात प्रामाणिक. म्हणाला, “गुडघ्याकडं, बाई.”

त्याच दुपारी शिक्षककक्षात चालकासह बैठक झाली. फोन बंद ठेवावा, ही पहिली सूचना. ती त्याने साफ नाकारली. आवाज बंद ठेवावा, ही दुसरी; पण मग तो दर मिनिटाला फोनकडे पाहणार. आमच्या शाळेत मुलांचे मंत्रिमंडळ असते. पाणीमंत्री, स्वच्छतामंत्री वगैरे. मी त्याच धर्तीवर दूरध्वनीमंत्री नेमण्याचा ठराव मांडला. आम्ही सहा जण आणि शाळेचे दिवसही सहा, त्यामुळे खातेवाटपात वाद झाला नाही. ज्याचा वार, त्याने चालकाशेजारी बसायचे आणि तिसऱ्या रिंगच्या आत फोन घ्यायचा. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय चालकाने फोनवर बोलायचे नाही, आणि आलेला निरोप आपणही त्याला सांगायचा नाही. कारण अर्धे वाक्य कानावर पडलेला चालक उरलेले अर्धे मनात तयार करू लागतो, आणि तेवढा वेळ रस्त्यावर गाडी एकटीच असते.

पहिला फोन त्याच्या बायकोचा आला. मी स्वच्छ आवाजात म्हणाले, “नमस्कार. दूरध्वनीमंत्री बोलते आहे.”

“कोन गं तू?” पलीकडून आवाज चढला. “आमच्या मान्साचा फोन चोरलास, आनि वर मंत्री म्हनून सांगतेस?”

चित्रकलेच्या सरांची अडचण वेगळी होती. त्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही. त्यांच्या गुरुवारी चालकाच्या मेव्हण्याने एक कोंबडा मागितला. खालापूर येईपर्यंत सरांनी तीन कबूल केले होते. चालकाच्या घरी कोंबडे दोनच होते. मेव्हणा चार दिवस रुसला. तरीही मी म्हणेन की व्यवस्था चालली. दोन्ही हात स्टिअरिंगवर आले आणि गुडघे आपल्या जागी गेले.

तो मंगळवार माझा होता. चौक अजून दूर होते. रस्त्याचे काम चालू होते. दोन्ही बाजूंना खडीचे ढीग, थांबायला जागा नाही. फोन वाजला. मी दुसऱ्याच रिंगला घेतला, आणि मला त्याचा अभिमानही वाटला.

“कंपनीतून बोलतोय,” पलीकडचे गृहस्थ म्हणाले. “वाहतूक विभाग. तुमचा ड्रायव्हर नापास.”

“कशात?”

“सव्वासात ते आठ गाडीवर असतो, असं त्यानेच फॉर्मात लिहिलंय. म्हणून मी मुद्दाम याच वेळेला फोन केला. गाडी चालवताना जो फोन उचलतो, त्याचं नाव मी कापतो. याने तर दुसऱ्या रिंगला उचलला!”

“मी उचलला. तो बोलत नाही. त्याला तशी सक्त मनाई आहे.”

“सगळे हेच सांगतात. फोन घ्यायला शेजारी बाई बसवायची आणि बोलायचं मात्र स्वतःच. लावा स्पीकरवर.”

मी लावला. गृहस्थांनी थेट त्यालाच हाक मारली, “काय रे, नोकरी पाहिजे ना? मग हो म्हण की!”

मोठा पेच होता. बोलला तर नापास, आणि न बोलावे तर नोकरी नको असल्यासारखे दिसणार. चालकाच्या कपाळावर घाम आला. ओठ घट्ट मिटलेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला गप्प पाहत होते, आणि तेही बोलण्याची सर्वांत जास्त गरज असताना. शेवटी त्याने लांबलचक हॉर्न वाजवला.

“हे काय?”

“हो म्हणतो आहे,” मी खुलासा केला.

गृहस्थांनी पुढचा प्रश्न टाकला. “अवजड गाडीचं लायसन आहे?”

एक हॉर्न.

“दारू पितोस?”

दोन हॉर्न.

“कधी अपघात केलास?”

दोन हॉर्न. पुढच्या रिक्षावाल्याने डोके बाहेर काढले. “काय रं! वरात काढलीस का?”

मागून सरांनी त्याला नम्रपणे कळवले, “मुलाखत चालू आहे.”

सातव्या प्रश्नापर्यंत आम्ही चौकमध्ये शिरलो होतो. वाहतूक पोलिसाने हात दाखवला. गाडी बाजूला घेऊन थांबली. पोलीस खिडकीशी आले आणि एकेकीकडे पाहू लागले.

“तुमी शिक्षक ना? मागं शाळा गेली. तिथली पाटी वाचली नाय? हॉर्न वाजवायला मनाई हाय.”

आमच्यापैकी कोणीही वर पाहिले नाही. विद्यार्थी पाटीकडे दुर्लक्ष करतात, अशी तक्रार मी अनेक वर्षे करत आले आहे.

“पोलीस आहेत का तिथे?” स्पीकरमधून आवाज आला. “साहेब, एकच सांगा. ड्रायव्हर फोनवर बोलत होता का?”

पोलिसांनी फोनकडे संशयाने पाहिले. “मी ड्युटीवर असताना फोन घेत नाय.”

“घेऊ नका,” मी म्हणाले. “मी धरते. आपण फक्त साक्ष द्या.”

त्यांनी चालकाचे हात पाहिले, मिटलेले तोंड पाहिले, माझ्या हातातला फोन पाहिला. मग फोनकडे नव्हे, समोरच्या रस्त्याकडे पाहत ते मोठ्याने म्हणाले, “फोन बाईंच्या हातात हाय. ड्रायवरनं एक अक्षर काढलेलं नाय. हॉर्न मात्र लय वाजवलाय.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “सोमवारी सात वाजता पाठवा. मूळ कागदपत्रं आणायला सांगा. आणि हॉर्नचं बघू आम्ही.”

चालकाने गाडी बंद केली, किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि विचारले, “आता बोलू का, बाई?”

“बोल.”

त्याने फोन घेतला. “हो साहेब,” एवढेच म्हणाला, आणि फोन पुन्हा माझ्या हातात दिला. पोलिसांनी हॉर्नबद्दल समज देऊन आम्हाला सोडले.

शाळेत उशीर झाला. मस्टरवर उशिराचे कारण लिहावे लागते. मी लिहिले : चालकाची मुलाखत. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचले.

“लागला का तो?”

“लागला. सोमवारपासून.”

“मग सोमवारी तुम्ही सगळे येणार कशाने?”

बैठका घेणाऱ्या, ठराव करणाऱ्या आम्हा सहा जणांपैकी एकानेही हा विचार केलेला नव्हता. “एसटीने,” मी म्हणाले, आणि सोमवारच्या रकान्यात उशिराचे कारण आताच लिहून ठेवू का, असे त्यांना विचारले.