सात दिवस गोळी नाही

महानंदा सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी औषधांच्या खिडकीत होतो. त्यांचा मुलगा त्यांच्या गावाहून, औशाहून बोलत होता; मला तो मामाच म्हणायचा. "मामा, आई गेली." भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या, जेवून दुपारी जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत... मी नुसता "हो, हो" म्हणत राहिलो. रांगेतल्या बाईला तिच्या गोळ्या नीट समजावून दिल्या आणि मग खिडकी लावून घेतली. त्याला आता महिना झाला.

नांदेडच्या आमच्या कॅन्सर दवाखान्यात त्या केमोच्या वॉर्डाच्या सिस्टर आणि मी फार्मासिस्ट. सुरुवातीची काही वर्षं आमचं बोलणं कामापुरतंच होतं. सलाईनमधून जाणारी केमो त्यांच्या डोळ्यांसमोर चढायची. पण काही केमो गोळ्यांची असते. पेशंट ती पिशवीत घालून गावी नेतो, आणि तिथं ना सिस्टर असते ना डॉक्टर. हे मला कळलं ते कंधारच्या गंगाबाईंमुळे. चौदा दिवस गोळ्या आणि मग सात दिवस विश्रांती, असा त्यांचा कोर्स. पुन्हा पुन्हा खेटे नकोत म्हणून मी दोन कोर्सच्या गोळ्या एकदमच दिल्या होत्या. महिन्याच्या आतच त्यांना उचलून आणलं. तोंड आतून सोललेलं, जुलाब थांबेनात, तळपाय फुटलेले. विश्रांतीच्या आठवड्यातही गोळ्या चालूच राहिल्या होत्या.

"गोळ्या कुणी दिल्या?" सिस्टरांनी विचारलं.

"मी."

त्या रागावल्या नाहीत. मला हाताला धरून खाटेपाशी नेलं आणि गंगाबाईंच्या नवऱ्याला, मारोतरावांना म्हणाल्या, "दादा, यांनी गोळ्या देताना काय सांगितलं होतं, ते जरा सांगा."

मारोतराव हात जोडून उभे राहिले. "सायेब म्हणले, सकाळी तीन, संध्याकाळी तीन, जेवल्यावर. एकबी चुकू दिली न्हाई, सायेब. तिला खाववत नव्हतं तरी मी चारल्या."

विश्रांतीचे दिवस मी इंग्रजीत चिठ्ठीवर लिहिले होते. तोंडानं सांगितलेच नव्हते. त्या माणसानं बायकोला मायेनं, न चुकता, माझी चूक खाऊ घातली होती... गंगाबाई नऊ दिवसांनी बऱ्या होऊन घरी गेल्या. तोवर मला जेवण गोड लागलं नाही.

त्या घरी जाताच सिस्टर कामाला लागल्या. वॉर्डाशेजारची एक अडगळीची खोली त्यांनी मागून घेतली. डॉक्टर म्हणाले, "प्रत्येकाशी इतकं बोलायला वेळ कुठंय?" सिस्टर म्हणाल्या, "नऊ दिवस सलाईन लावायला वेळ होता की, सर." खोली मिळाली. तेव्हापासून एका वेळी एकाच कोर्सच्या गोळ्या, प्रत्येक दिवसाची वेगळी पुडी, पुडीवर मराठीत वार. सात दिवस पुडीच नाही. सांगून झालं की त्या पेशंटलाच विचारायच्या, "आता मी इसरले समजा. मला सांगा, कशा घ्यायच्या?" गोळी कुटायची नाही, बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवायची नाही, पोटुशी सुनेनं हात लावायचा नाही, जुलाब वाढले की पुडी थांबवून फोन करायचा, हे सगळं पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायच्या. कुणी चुकलं की मोठ्यानं हसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिवाय तिसऱ्या आणि आठव्या दिवशी फोन. एकदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, त्यांनी आम्हाला औशाच्या शेतात नेलं होतं. पानात भज्जी वाढलेली, आणि सिस्टर बांधावर उभ्या राहून कुणाला तरी विचारत होत्या, "जुलाब किती झाले? लाजू नका, आकडा सांगा." आंबील पिणारे आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या, पण आकडा घेतल्याशिवाय पंगतीत बसल्या नाहीत.

त्या गेल्यावर चार दिवस मी त्या खोलीत गेलो नाही. पाचव्या दिवशी सकाळी आतला फोन वाजत राहिला, म्हणून आत जावंच लागलं. भोकरचे एक गृहस्थ होते.

"सिस्टर हायत का?"

त्या गेल्याचं मी सांगितलं. 

ते म्हणाले, "लई वंगाळ झालं. मला परवा आठवा दिवस होता. फोन आला न्हाई म्हून मीच केला. त्यांनी सांगून ठेवलं होतं, आमचा न्हाई आला तर तुमी करायचा. कालपासून पाच जुलाब झाले, तोंडबी आलंय. म्हून आजची पुडी घेतली न्हाई. बरुबर केलं नव्हं?"

"बरोबर केलं," मी म्हणालो. "आता लगेच निघा."

दुपारच्या एस.टी.नं ते आले, स्वतःच्या पायांनी चालत. दोन दिवस सलाईन लागलं, तिसऱ्या दिवशी सुट्टी झाली. निघताना त्या खोलीत येऊन बसले आणि मी विचारायच्या आधीच उरलेल्या पुड्या टेबलावर मांडून, कोणती कधी घ्यायची आणि काय झालं की थांबवायची ते मला घडाघडा सांगू लागले. मी ऐकत होतो. एकही चूक नव्हती.